कुणी राहिलंय का?

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या, पण रचलेली आहे असं कृपा करून म्हणू नका. जिच्यावर ही वेळ आली ती सुमैरा ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. हे सांगताना तिच्या हातातल्या चहावर साय धरली, तरी तिला पत्ता नव्हता.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे नक्की वाचावं.

कारण ती रात्र नव्हती...

जुलैतला शुक्रवार होता. दुपार कलायला लागलेली. सांगलीत नदीच्या अंगाला एक पत्र्याचं गोडाऊन होतं, आणि बाहेर पावसाची झड लागली होती.

त्या गोडाऊनमध्ये सुमैराच्या अब्बांनी, कुतुबुद्दीनचाचांनी, आपला सगळा जन्म भरून ठेवला होता. एकेकाळी त्यांचं कॅसेटचं दुकान जोरात चालायचं. दुकान गेलं, नाद राहिला. सिनेमाची पोस्टरं, हातानं रंगवलेले बोर्ड, तबकड्या, भोंगे, तंबूतल्या टॉकीजची कनात... जे दुसऱ्यानं टाकलं ते चाचांनी उचललं. लोक त्याला भंगार म्हणायचे.

"भंगार न्हाई गड्या," चाचा म्हणायचे. "तुझा आज्जा हसला, रडला, ते सगळं हाय ह्यात."

मागच्या पुरात यातली निम्मी पोस्टरं लगदा होऊन गेली होती. त्या दिवशी अब्बा रडले नाहीत. नुसते ओल्या जमिनीवर बसून राहिले, आणि दोन दिवस त्यांनी घास तोंडात घातला नाही. सुमैराला ते बसणं अजून आठवतं. आता नदी पुन्हा चढत होती. गोडाऊनचा मालक 'रिकामं करा' म्हणून मागे लागला होता. जायला जागा नव्हती.

म्हणून चाचांनी महापालिकेकडे मागणी केली. विश्रामबागेतला बंद पडलेला हॉल द्या, वर्षाचा खर्च द्या, मी म्युझियम करतो.

झालं! गावात दोन तट पडले. कुणी म्हणे, शहराची आठवण आहे, शहरानंच जपावी. कुणी म्हणे, एका माणसाच्या हौसेला आमची घरपट्टी कशाला? खुद्द सुमैराला दुसऱ्यांचं पटत होतं.

"अब्बा, आपल्या गल्लीत नळाला पाणी येत नाही," ती म्हणाली होती. "लोकांनी आधी पाणी मागायचं की पोस्टरं?"

"पाणी उद्या बी येईल, बेटी," अब्बा म्हणाले. "हे गेलं तर परत कुठनं आणायचं?"



सगळ्या पसाऱ्यात चाचांचा जीव एका प्रोजेक्टरवर होता. माणदेशातल्या जत्रांमधून जोतीराम नावाचे एक गृहस्थ तंबूची टॉकीज फिरवायचे. ते वारले, तेव्हा चाचा दहिवडीकडच्या त्यांच्या गावी जाऊन ते मशीन घेऊन आले. सुमैरा बरोबर होती. जोतीरामांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, मशीन दिलं, पण त्यावरचा हात लगेच काढला नाही.

"भाऊ, एक ऐका. खेळ सुटला की आमचं मालक दिवा घालवायच्या आदी वरडायचं... 'कुणी राहिलंय काऽऽ?' तुमी बी इचारायचं."

यात गूढ असं काही नव्हतं. तंबूत माणसं खाली मातीवर बसायची. मध्ये कनात, एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया. दिवसभर जत्रा फिरून दमलेली माणसं तिथंच कलंडायची. न विचारता तंबूचे दोर सोडले, तर खाली कुणीतरी गुदमरायचं.

"पण मावशी," चाचा हसून म्हणाले, "माझ्या गोडाऊनात कोण बसणार हाय? रिकाम्या जागेत कुणाला इचारू?"

विजयमालाबाई हसल्या नाहीत.

"जे येत्यात त्यास्नी. इचारलं की उठत्यात बिचारी, आन आपल्या वाटंनं जात्यात. न्हाई इचारलं तर बसून ऱ्हात्यात. आन ज्या खेळाला आली, त्याच खेळाला इचारायचं. मागनं इचारून उपेग न्हाई."

चाचांनी तो नेम पाळला. मशीन सुरू करताना बोटातली अंगठी त्याच्या पत्र्यावर आपटायची सवय होती त्यांना. टक... टक. मग चक्री फिरायची. आणि शेवटी रिकाम्या गोडाऊनकडे तोंड करून तीनदा हाक. सुमैरा चिडवायची, "अब्बा, कुणी नाही, उंदीर आहेत. त्यांना राहू द्या." तेही हसायचे. पण विचारायचे.

त्या शुक्रवारपर्यंत...

त्या दिवशी महापालिकेची माणसं गोडाऊन बघायला आली होती. नगरसेविका राजनंदिनीताई चाचांच्या बाजूच्या. नगरसेवक आप्पासो विरोधातले. आणखी दोघं होते, ते वारं वाहील तिकडे पाठ करणारे. सुमैरा छत्र्या घेऊन दारात उभी राहिली. तिच्यासमोरून एवढीच माणसं आत गेली. दुसरं दार नव्हतं.

आप्पासोंनी सगळीकडे नजर फिरवली आणि हात झटकले.

"घरचं झालं थोडं आन व्याह्यानं धाडलं घोडं! रस्त्यात खड्डं, गटारी तुंबल्यात, आन आपुन ह्ये सांभाळायचं? चाचा, राग मानू नगा. पर आजच्या काळात ह्ये बघाय येतंय कोण?"

चाचांचा चेहरा पडला. प्रश्न खरा होता.

"पाच मिनिटं बसा साहेब," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लाचार झालेला सुमैरानं कधी ऐकला नव्हता. "मशीन लावतो. मग काय ते ठरवा."

दिवे मालवले. टक... टक.

समोर टांगलेल्या पडद्यावर जुन्या जत्रेची धुरकट चित्रं हलायला लागली. आवाज नव्हता. नुसती चक्रीची घरघर आणि पत्र्यावरचा पाऊस.

आणि मग...

कुणीतरी शेंग फोडली.

सुमैराला वाटलं, आप्पासो असतील. पण पुन्हा एक शेंग फुटली, डावीकडे. मग उजवीकडे. मग मागे. पायांखाली फोलपटं चुरडल्याचा आवाज आला. विडीचा वास आला. डाव्या अंगाला बांगड्या किणकिणल्या आणि एका बाईनं दबक्या आवाजात रडणाऱ्या पोराला थोपटलं.

"गप की रं... आता देव येतोय बघ."

पडद्यावर पालखी आली. आणि अख्ख्या अंधारातून शेकडो गळ्यांचा एकच हुंकार उठला.

सुमैरानं दाराची चौकट घट्ट धरली.

फिल्म संपत आली तसे आप्पासो अंधारातच उठून बाहेर यायला लागले. मागे बाकीचे. वाट काढत, अंग चोरत, गर्दीतून येतो तसे.

"सरका जरा... वाट द्या... पाय लागला व्हय मावशी, चुकलं."

बाहेर येऊन त्यांनी कपाळ पुसलं.

"मानलं चाचा तुमाला! भर पावसात, कामाच्या दिवशी एवढी पब्लिक? मला वाटलं हुतं कुत्रं बी फिरकत नसंल."

"सोमवारी सभेच्या आधी बाकीच्या सदस्यांना पण इथं आणते," राजनंदिनीताई म्हणाल्या. "त्यांनी ही गर्दी एकदा डोळ्यांनी बघितली की काम झालंच."

गाड्या गेल्या. सुमैरा आत वळली. प्रोजेक्टरचा दिवा अजून जळत होता, पांढऱ्या उजेडात जमीन दिसत होती.

जमिनीवर कुणी नव्हतं.

फक्त शेंगांची फोलपटं. या टोकापासून त्या टोकापर्यंत...

तिची पाचावर धारण बसली. "अब्बा," ती कशीबशी म्हणाली, "विचारा. लवकर विचारा."

अब्बांचा हात बटणावर होता. ते तिच्याकडे बघत नव्हते. रिकाम्या जमिनीकडे बघत होते, दुकानात गिऱ्हाईक आल्यावर बघायचे तसे.

"सोमवारपतूर बसू देत की," ते हळूच म्हणाले.

"अब्बा!"

"माझ्याजवळ दुसरं काय हाय सुमे? नदी दारात आली. जित्या माणसांनी न्हाई म्हटलं. ही बिचारी आली तरी. बसू देत."

"मावशींनी काय सांगितलं होतं?"

"ठाऊक हाय मला!" ते ओरडले, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. "सगळं ठाऊक हाय."

त्यांनी न विचारता दिवा घालवला.

अंधारात कुणीही उठलं नाही.

सोमवारी बाकीचे सदस्य आले. दारातूनच आत डोकावले आणि 'आत उभं राहायला जागा नाही' म्हणून कौतुक करत माघारी गेले. दुपारी ठराव मंजूर झाला. हॉल मिळाला, खर्च मिळाला. सामान विश्रामबागेत हललं आणि पुढच्या आठवड्यात नदीचं पाणी गोडाऊनच्या खिडकीला लागलं. सगळं वाचलं होतं. चाचांनी पेढे वाटले, पण स्वतः खाल्ला नाही.

कारण मशीन गेलं तिथं ती माणसंही गेली होती.

म्युझियम उघडलं. पहिल्या दिवशी फीत कापायला आलेली मंडळी सोडली, तर कुणी आत आलंच नाही. म्हणजे लोक यायचे. कॉलेजची पोरं यायची, आटपाडी-विट्याकडून कुटुंबं यायची. दारापर्यंत यायची, आत बघायची, आणि परत फिरायची.

"फुल्ल हाय वाटतं. परत कवातरी येऊ."

सुमैरा त्यांच्या मागे धावायची. "अहो, आत कुणी नाही! या ना!" लोक तिच्याकडे विचित्र नजरेनं बघायचे. एका म्हातारबाबांनी तर तिलाच समजावलं, "पोरी, डोळं हायत का न्हाईत तुला?"

महापालिकेच्या लेखी मात्र हॉल रोज रिकामा. तिकीट कोण काढतंय? सभेत पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. आप्पासो तर सगळ्यांच्या पुढे.

चाचा रोज प्रत्येक खेळाला विचारायचे. घसा फुटेपर्यंत. "कुणी राहिलंय काऽऽ? आवं, उठा की आता! हात जोडतो तुमाला, जावा घरला!" सुमैरानं विजयमालाबाईंना फोन लावला.

"आता बसली ती बसली, बाई," त्या म्हणाल्या. "पर मशीन मोडात घालू नगासा. मग कुठं जातील ती?"

त्या दिवसापासून अब्बा खंगत गेले. ज्यासाठी जन्म घालवला ते मिळालं होतं, आणि ते जिवंत माणसाला दाखवता येत नव्हतं. संध्याकाळी ते मशीनशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि मुलीला म्हणायचे, "पाप केलं मी. दमलेल्या माणसास्नी घरी जाऊ दिलं न्हाई."

फेब्रुवारीत एका संध्याकाळच्या खेळाला सुमैरा त्यांच्याजवळ होती. टक... टक. चक्री फिरली. चित्रं हलली. पालखी आली, हुंकार उठला. रोजच्यासारखंच.

फिल्म संपली. पांढरा उजेड पडला.

अब्बांनी हाक मारली नाही...

तिनं खांद्याला हात लावला. मान एका बाजूला कलली होती. चेहरा शांत. जत्रा फिरून दमलेला माणूस झोपतो तसा.

त्या क्षणी सुमैराला सगळं उमगलं. आजच्या खेळाला अब्बाही त्या माणसांत जाऊन बसले होते. आता, याच खेळाला, दिवा जायच्या आधी कुणीतरी विचारायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं. 'कुणी' एवढा शब्द ओठांपर्यंत आलाही.

विचारलं तर अब्बा उत्तर देतील, याची तिला भीती नव्हती.

विचारलं तर ते उठून जातील...

तिनं बटण दाबलं.

आता म्युझियम ती चालवते. ऑफिस सुटलं की पळत जाते. जिनं एकेकाळी 'लोकांनी आधी पाणी मागायचं' म्हणून अब्बांशी वाद घातला, तीच आज महापालिकेच्या पायऱ्यांवर बसून असते. येणाऱ्या-जाणाऱ्या नगरसेवकाला हात जोडते. "एवढं वर्ष काढू द्या. एवढंच वर्ष." हॉल परत घ्यायचा विषय पुढच्या सभेत आहे. मशीन भंगारात काढा असंही कुणी सुचवलंय, आणि ते ऐकल्यापासून तिची झोप उडाली आहे. तिला बटणाला हात लावावा लागत नाही म्हणे. आधी टक... टक होतं, आणि चक्री आपोआप फिरते.

तिला वेड लागलंय असं ऑफिसात सगळे म्हणतात. मीही म्हणत होते.

म्हणून परवा संध्याकाळी मी तिला न सांगता तिकडे गेले. एक बाई रिकाम्या हॉलमध्ये एकटी बसते, तिला समजावून घरी आणावं, एवढाच विचार होता. खेळ सुरू झाला होता. मी दारात उभी राहून आत बघितलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती.

मी मागे फिरणार, इतक्यात दाराजवळ, बायकांच्या बाजूला बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी मांडी आवरून सरकून बसलं... आणि जमिनीवर बरोबर माझ्यापुरती जागा झाली.

मी धावत रस्त्यावर आले आणि मिळेल त्या रिक्षात बसले. सुमैराला हे अजून सांगितलेलं नाही.