उत्तरेकडची तिसरी खिडकी

१९६३ सालचा जानेवारी, महिन्याचा शेवटचा मंगळवार. बर्फ पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना टेकला होता. आमचा जुना कारखाना विकला गेला होता, आणि माझी हत्यारं चारच्या आत घेऊन जा असा निरोप आला होता. म्हणून खेड्यातून ला शो-द-फोंला गेलो.

या गावाच्या गल्ल्या पट्टीने आखलेल्या आहेत. घड्याळजींचं गाव, म्हणून घरांच्या रांगा अशा बांधल्यात की एकही घर दुसऱ्याचा उजेड अडवत नाही. मी अडवला होता. ते कोणाला सांगितलं नव्हतं.

१९१२ साली वरच्या मजल्यावर खिडकीपाशी एक जागा रिकामी झाली. हक्कदार दोघं, मी आणि झेली काल्माम. मुकादमाच्या टोपीत दोन चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या कापायचं काम माझ्याकडे होतं. खिडकीच्या चिठ्ठीचा कोपरा मी दुमडून ठेवला आणि आधी हात घातला. झेली मागच्या रांगेत दिव्याखाली बसली. केसाहून बारीक स्प्रिंगा बसवायचं तिचं काम. नऊ वर्षांत तिचे डोळे गेले. पुढे आंधळ्यांच्या आश्रमात ती वारली. मी गेलो नाही.

कारखान्याच्या दारावर रखवालदारीण बर्थ बर्फ लोटत होती.

"नुमाबाबा, चार मजले आहेत. वाटेत बसलात तर उचलायला कोणी नाही."

"तू आहेस की."

"माझी कंबर आधीच गेलीय. बसायचंच असेल तर खालच्या पायरीवर बसा."

वर गेलो. शेगडी वर्षभर पेटली नव्हती, तरी तेलाचा आणि गरम पितळेचा वास होता. लांबच लांब खिडक्या, त्यांतून बर्फाचा पांढरा उजेड. दुपारचे दोन वाजले होते. उत्तरेकडच्या तिसऱ्या खिडकीपाशी माझ्या जागी बसलो आणि खण उघडला.

मागे चिमट्याचा आवाज झाला. टिक्. थोड्या वेळाने परत, टिक्.

मी वळलो नाही.

"नुमा, जरा सरक... उजेड येत नाही."

आवाज तिचा होता. म्हातारा झालेला नव्हता.

"तुझं डोकं अजून तेवढंच मोठं आहे," ती म्हणाली.

मी खण बंद केला. मग बोललो. "झेली... चिठ्ठीचा कोपरा मी दुमडला होता."

"माहीत आहे. दिसला होता मला. तेव्हा दिसायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"मुकादमाने तुला त्याच दिवशी हाकललं असतं. तुझी आई अंथरुणाला खिळलेली. मला वाटलं, वर्षभराने स्वतःहून उठशील..." चिमटा थांबला. "वाट बघितली मी."

मी उठलो. मान खाली घालूनच मागच्या रांगेत गेलो आणि तिथल्या स्टुलावर बसलो. लाकूड गरम होतं. माझ्या अंगावरून गारठा पुढे सरकला आणि खिडकीपाशी थांबला. तिथलं स्टूल करकरलं.

समोर एक चक्र होतं, शेजारी स्प्रिंग. भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि काम धरलं. त्या जागी उजेड किती कमी पोचतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. स्प्रिंग दिसेना. डोळा झोंबला, पाणी आलं. पुसलं आणि परत वाकलो. खिडकीपाशी कोणीतरी हळू गुणगुणत होतं. मी एकदाही वर पाहिलं नाही. ती जागा आता माझी नव्हती.

शेजारच्या कारखान्याचा चारचा भोंगा झाला तेव्हा स्प्रिंग बसली होती. खिडकीपाशी कोणी नव्हतं. सगळ्या काचा बर्फाने गोठलेल्या, फक्त तिसरीवर तोंडाएवढा गोल वितळलेला. तो आतून ओला होता.

जिना भिंतीला धरून उतरलो.

"हत्यारं कुठेत, बाबा?" बर्थने विचारलं. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमच्या डोळ्याला काय झालं?"

उजव्या डोळ्याने तेव्हापासून दिसत नाही. डॉक्टरने दोनदा तपासला. म्हणाला, डोळा धडधाकट आहे.

झेलीचं देणं फिटलं.