रिकाम्या ठाणातली घोडी

"मेलेली घोडी मला ओळखते," असं सांगणारी माणसं सुनीती आगाशे यांच्याकडे रोज येत नाहीत. रोज येतात ती नवऱ्यावर नजर ठेवा म्हणणारी. त्यामुळे श्रद्धा वानखेडेने तोंड उघडलं आणि बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. बाळ परचुऱ्यांनी मात्र आपला उचलला. भुताखेताचं काही कोरड्या घशाने ऐकू नये, असं त्यांचं मत होतं.

बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानावर बाईंचं गुप्तहेरीचं ऑफिस. परचुरे जन्मभर कात्रजच्या बाजूला दूध डेअरीत नोकरी करून निवृत्त झालेले, आता बाईंचे मदतनीस. 'जनावरांतलं मला विचारा' हे त्यांचं पालुपद, आणि आजवर कोणी विचारलं नव्हतं.

श्रद्धा मूळची अमरावतीची, हिंजवडीला नोकरी करणारी. घोड्यावर बसून उडीने अडथळे ओलांडणं हा तिचा खेळ. तिची घोडी शलाका. गेल्या उन्हाळ्यात सराव संपला असताना श्रद्धाच हट्टाला पेटली, अजून एकदा म्हणून. घोडी कोसळली, श्रद्धाची शुद्ध गेली. दवाखान्यात प्रशिक्षक श्यामसुंदर घाटगे भेटायला आले आणि म्हणाले, पुढचा पाय मोडला होता, इंजेक्शन देऊन तिला शांत करावं लागलं, तबेल्यामागे पुरली आहे. तेव्हापासून ही पोरगी स्वतःला खुनी समजत होती.

आता ती घाटग्यांच्याच दुसऱ्या घोड्यावर सराव करत होती. उद्या खडकीच्या मैदानावर राष्ट्रीय अश्वक्रीडा मंडळाची निवड चाचणी. संघात एकच जागा उरलेली, आणि त्या जागेसाठी दोघं: श्रद्धा आणि घाटग्यांचाच दुसरा शिष्य तेजस.

"काल संध्याकाळी मी न कळवता तबेल्यात गेले," ती म्हणाली. "घोड्याशी बोलत होते. ओळीतल्या शेवटच्या ठाणातून कोणीतरी दारावर खूर आपटला, मग लांब श्वास सोडला. माझा आवाज ऐकला की शलाका अस्संच करायची. दुसरं कुठलंच जनावर करत नाही, मॅडम."

दाराला कुलूप होतं. सर म्हणाले, ते ठाण कधीपासून रिकामं आहे, तू जरा चहा घे. चहा पिऊन आली तर त्यांनी स्वतः दार उघडून दाखवलं. आत कोणी नव्हतं. श्रद्धाने वाकून पेंढ्यावर हात ठेवला. पेंढा ऊबदार होता.

"उद्या मी उतरू की नको, एवढंच सांगा. माझं डोकं फिरलं असेल तर मला घोड्यावर बसायचा हक्क नाही."

दुपारी कात्रज ओलांडून तबेल्यावर पोचले तेव्हा ढग उतरले होते आणि उजेड कसाबसा होता. बाई आणि परचुरे ओळीतून चालत गेले. एकही घोडा त्यांच्याकडे बघेना. सगळ्यांची तोंडं त्या शेवटच्या उघड्या दाराकडे, कान ताठ. आत काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. परचुऱ्यांनी खिशातली गणपतीची तसबीर चाचपली आणि थंडी आहे बुवा, असं म्हणाले.

घाटगे घरी नव्हते. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार वैजनाथ भेटला. घोडीला पुरलं होतं त्यानेच. घोडीचं तोंड सरांनी गोणपाटाने झाकलं होतं, खड्ड्यात ढकलताना बाकी अंग मात्र त्याला दिसलं.

"चारी पाय धड हुते, बाई," तो हळूच म्हणाला. "मोडल्याली घोडी मी बघितल्याली हाय. ही तशी न्हवती. म्या कुणाला बोललो न्हाई. मेल्यावर पाय जुळल्यालं जनावर परत येतंया म्हणत्यात."

परतीच्या वाटेवर परचुऱ्यांनी निकाल देऊन टाकला. घोडीचा आत्मा आहे, शांत करायला हवा. "अहो, आत्म्याखाली पेंढा तापत नाही," बाई म्हणाल्या.

सकाळी खडकीच्या मैदानावर धुकं इतकं होतं की घोडे आधी ऐकू येत होते आणि मग दिसत होते. मंडळाचे पशुवैद्य डॉ. आमोद बर्वे तपासणी करत होते. बाईंनी त्यांना आपली ओळख सांगून गाठलं. स्पर्धेतल्या प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट मंडळ देतं, आणि मानेत डाव्या बाजूला, कातडीखाली चिप असते, असं त्यांनी सांगितलं. यंत्र मानेवरून फिरवलं की नंबर दिसतो. नंबर जुळला, वर्णन जुळलं, की घोडा तोच. काही गडबड? छे, सगळे जुळले आहेत, तेजसची घोडी निशासुद्धा.

निशा दिसायला कशी, असं बाईंनी विचारलं. तपकिरी, अंगावर पांढरा ठिपकाही नाही. मरण पावलेली शलाका तिची बहीणच, एका आईच्या दोघी, दिसायला हुबेहूब.

धुक्यातून तेजस निशाला घेऊन आला. शेजारी रांगेत उभ्या घोड्यांच्या आयाळी उजवीकडे विंचरून वेण्या घातलेल्या, शाळेच्या पहिल्या दिवसासारख्या. "हिचा भांग उलटा कसा?" परचुरे म्हणाले. निशाची आयाळ डावीकडे होती.

"सर म्हणतात तिचा कलच तसा आहे," तेजस म्हणाला. "अ‍ॅक्चुअली, ती डावीकडे मानेला हात लावू देत नाही. मी सहा महिने बंगळुरूला होतो. जायच्या आधी ही कमरेएवढा अडथळासुद्धा ओलांडत नव्हती. परत आलो तर टोटली वेगळीच घोडी. सरांची कमाल." सरांनी तिला तेजसच्या शेतावरून परवाच इथल्या चाचणीसाठी हलवलं होतं, वाटेत तबेल्यात थांबवून.

घाटगे आले. हसतमुख, अदबीचे. श्रद्धाला बाजूला नेऊन म्हणाले, मन थाऱ्यावर नसेल तर माघार घे, बेटा, लाज वाटायचं काही कारण नाही. श्रद्धाने मान खाली घातली.

"माघार नंतर," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, जरा ती आयाळ उचला."

घाटगे पुढे झाले, पण डॉक्टरांनी आयाळ उचलली होती. मानेवर बोटभर लांबीची रेघ होती आणि त्या रेघेवर पांढरे केस उगवले होते. घोडी थरथरली.

"चिप सुईने घालतात," बाई म्हणाल्या. "सुईची एवढी खूण राहत नाही. काढायची असेल तर कापावं लागतं. जुनी तशीच ठेवली तर यंत्राला दोन सापडतात, म्हणून तुम्ही शलाकाची काढलीत आणि तिथे निशाची घातलीत. घाटगे, चिप कुठे तपासतात हे तुम्हाला तोंडपाठ, म्हणून जखमही तिथेच केलीत. मग व्रण झाकायला आयाळ डावीकडे वळवलीत. घोड्यांच्या दुनियेत कोणी असं करत नाही. बाहेरच्याला कळलंच नसतं. परचुऱ्यांना कळलं, म्हणजे बघा."

परचुऱ्यांना हे कौतुक की टोमणा ते ठरवता आलं नाही.

"पाय मोडलाच नव्हता. वैजनाथने पुरलेल्या घोडीचे चारी पाय धड होते, कारण ती पडलेली घोडी नव्हतीच. परवा श्रद्धा न सांगता आली, तेव्हा शलाका त्या ठाणात होती. चहा होईपर्यंत तुम्ही तिला गाडीत चढवलंत, पण पेंढा लगेच कसा निवेल? श्रद्धा उत्तम घोडी विकणार नव्हती. तेजसच्या घरच्यांना संघातली जागा हवी होती, आणि तुम्हाला त्यांचे पैसे. दोघी बहिणींत फरक फक्त चिपचा. केसांची डीएनए तपासणी झाली की मंडळाला कळेलच."

डॉक्टरांनी लगाम स्वतःच्या हातात घेतला. चौकशी होईपर्यंत ही घोडी उतरणार नाही, तेजसही नाही, आणि घाटग्यांच्या तबेल्यातला एकही घोडा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे श्रद्धाचीही जागा गेली. तिला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिने घोडीच्या मानेत तोंड खुपसलं होतं आणि ती मोठमोठ्याने रडत होती.

घाटगे हळूच म्हणाले, "तुझ्यामुळे गेली, असं मी तुला कधी म्हटलं नाही, श्रद्धा."

"तुम्ही नाही म्हणालात, सर. मी म्हणायचे. रोज म्हणायचे, आणि तुम्ही ऐकत बसायचात."



तेजस अजून तिथेच उभा होता, रिकाम्या हातांनी. कोणाचं लक्ष नव्हतं. त्याने एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा घाटग्यांकडे.

"सर," तो म्हणाला, "निशाला काय झालं होतं? आजारी होती का ती?"

पुरायला एक घोडी लागतेच, हे त्या पोराला तोंडाने कोण सांगणार? बाईंनासुद्धा ते जमेना.

श्रद्धाने डोळे पुसले, घोडी डॉक्टरांच्या हाती सोडली आणि तेजसचा हात धरला.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "ती कुठे आहे ते मला माहीत आहे."