बाविसावी फरशी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताईने ठोकळ्यावरून सूर मारला आणि तिचं डोकं तलावाच्या तळावर आपटलं. सुट्टीतल्या शर्यतींना चार दिवस उरले होते. दुपारपर्यंत पोहण्याच्या सरांचा अहवाल तयार झाला : मुलीने शिकवल्यापेक्षा फार उभा सूर मारला.

"ताई उभा सूर मारतच नाही," धाकटी म्हणाली.

"मग काय तळ वर आला?" मावसभाऊ ढेंगण्या म्हणाला. तो रोज सगळ्यांचे सूर बाजूने मोबाइलवर टिपायचा.

ताईची बोटं पाण्याला लागतात तिथे त्याने चित्र थांबवलं. दोघं काठावरच्या फरशा मोजू लागले.

"गेल्या आठवड्यात विसावी. आज बाविसावी," धाकटी म्हणाली.

"नीट मोज."

"दोनदा मोजलं! उभा मारला असता तर भिंतीजवळ पडली असती ना, शहाण्या? ही लांब पडलीय. पाय सुटले तेही रोजच्यासारखेच."

"म्हणजे हवेत जास्त वेळ होती."

धाकटीने चित्र मोठं केलं. पाणी रोज निळ्या पट्टीला टेकलेलं असे. आज पट्टीखाली फरशांच्या तीन ओळी कोरड्या होत्या. जवळजवळ दीड फूट.

आता मात्र तलाव काठोकाठ भरला होता. दोघं पंपाच्या खोलीकडे धावले.

"काका, काल पाणी उतरवलं होतं?"

पंपवाल्या काकांनी मान खाली घातली. "फरशा बसवायला. भरायला नऊ तास लागतात, सहाच झाले होते. सरांना सांगितलं मी. म्हणाले, पोहण्यापुरतं आहे."

"सूर मारण्यापुरतं नव्हतं," धाकटी म्हणाली. "तलावाच्या अध्यक्षांसमोर सांगाल?"

काकांनी हात पुसले. "चला."

"पोरखेळ आहे हा," अध्यक्षांच्या खोलीत सर त्यांना म्हणाले.

"मग तुम्हीच मोजा, सर," ढेंगण्याने मोबाइल पुढे केला.

सर फरशा मोजत सोळापर्यंत आले, पुढच्या सहा दिसताच त्यांनी मोबाइल परत दिला.

अध्यक्षांनी अहवाल फाडला. "आम्ही बघायला हवं होतं ते तुम्ही बघितलंत. शाबास."

"ताईला सांगायचंय," धाकटी म्हणाली. "तिला वाटतंय, तिचंच चुकलं."

पाच वाजता इस्पितळाच्या खाटेवर ताईने छताकडे बघत सगळं ऐकलं. "म्हणजे सूर बरोबर होता?"

"एकदम."

पायाशी डॉक्टर टाचणी घेऊन उभे होते.

"टोचा ना," ताई म्हणाली.

तळपायाला तीनदा टोचून झालं होतं. पुढची तपासणी उद्या सकाळी आठला आहे.