याकोबा मावशीचा जिना

फ्राउकेचं कुणी ऐकलंच नाही. पोलिसाने नाही, चर्चमधल्या बायकांनी नाही, सख्ख्या भावानेसुद्धा नाही. ही बाई आमच्याच गल्लीतली. खोटं बोलायला तिला कधी सवड नसायची. तिचं म्हणणं एवढंच, की हार्लेमच्या कालव्याकाठच्या त्या घरातला उभा जिना याकोबा मावशी साठ वर्षं दोर धरून चढली-उतरली. ती त्यावरून पडून मरेल कशी? आणि दोराची वरची गाठ... मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे जुन्या नावाड्याने मारलेली ती गाठ फ्राउकेने लहानपणापासून पाहिली होती. ही ती नव्हती. कुणीतरी दोर सोडला होता, आणि नंतर घाईने बांधला होता.

“सहावी शिकलीस आणि पोलिसाला शिकवतेस?” मावशीच्या नवऱ्याचा पुतण्या कोर्स्तियान हसला होता. घर त्यालाच मिळालं.

वर्ष गेलं. सप्टेंबरचा दुसरा शनिवार आला, तेरा तारीख. मावशी गेली तीच. त्या दिवशी गावातली जुनी घरं बघ्यांसाठी उघडी असतात. कोर्स्तियानला घासायला-पुसायला माणूस हवं होतं. फ्राउके गेली. आत शिरायला दुसरा रस्ता नव्हता.

सकाळी नऊला तिने संडास धुतला. भिंतीवर मावशीचं वाढदिवसांचं कॅलेंडर होतं, तिकडे सगळ्यांच्या संडासात असतं तसं, ज्याच्या त्याच्या तारखेला नाव लिहिलेलं. वर्षभर पान उलटायला कुणाला सुचलं नव्हतं. सप्टेंबरच लटकत होता. अकराला फ्राउकेच्या भावाचं नाव. तेरा कोरी.

दिवसभर माणसं आली, फरशा बघून गेली. पावणेपाचला ग्रोनिंगेनचं शेवटचं जोडपं जिना उतरून आलं. बाईला धाप लागली होती.

“बरं झालं वरच्या आजींनी सांगितलं. म्हणाल्या, दोर धरू नका, भिंत धरा.”

कोर्स्तियान कॉफी ओतत होता. हात थांबला.

“कोण आजी?” फ्राउकेने विचारलं.

“खिडकीशी बसल्या होत्या ना, खिडकीबाहेर लावलेल्या आरशातून रस्ता बघत. मला तारीख विचारली. तेरा म्हटलं, तर म्हणाल्या, मग लिहायला हवं.”

“आमच्या आधी उतरल्या की खाली,” नवरा म्हणाला. “पायांचा आवाज नाही. या वयात कमाल आहे.”

ते गेले. फ्राउके भिंत धरून वर चढली. खुर्ची रिकामी. आरशात कालवा...

कोर्स्तियान वर आलाच नाही.

“दमलीस तू,” तो खालून म्हणाला. “घरी जा.”

“जाते. संडासला जाऊन येऊ ना, मालक?”



तिने खाली येऊन संडासाची कडी लावली. दिवा लावला. सप्टेंबर. अकरा... बारा...

मावशीचं उजवीकडे कललेलं अक्षर. तिने बोट लावलं. शाई ओली होती.

वाढदिवस त्याचा मार्चमधला. पण तेराच्या रकान्यात...

कोर्स्तियान.