कुंपणावरचं लाल लुगडं

लुगडं आईचं, कुंपण रेल्वेचं आणि चूक माझी. पण गाडी थांबली, त्यात माझा काय दोष?

चौऱ्याहत्तर साल असेल. कारंज्याकडची छोटी गाडी आमच्या ठेसनावर कोणी हात दाखवला तरच थांबायची. पूर्वी इथून कापसाच्या गाठी जायच्या. मग कापूस ट्रकनं जाऊ लागला आणि ठेसनात बकऱ्या बसू लागल्या. म्हणून मी बिनधास्त लुगडं वाळत घातलं. ते वाऱ्यानं असं फडकलं, की ड्रायव्हर मारोतरावांना वाटलं, पुढं धोका आहे. त्यांनी करकचून ब्रेक लावला.

इंजिनातून कोळशानं माखलेला फायरमन उतरला. जानराव. दात तेवढे पांढरे.

"काहून थांबवली वं गाडी?"

"मी लुगडं वाळवून राह्यली. तुमाले कोणं सांगतलं थांबाले?"

"लाल दिसलं का थांबाच लागते."

"मंग उद्या हिरवं घालतो."

तो हसला. "नोको... लालच राहू दे. पानी देतं का जरासं?"

जानरावची पाळी बाजाराच्या दिवशी असायची, म्हणून तेव्हापासून ते लुगडं दर बाजाराच्या दिवशी धुवावं लागायचं. आई म्हणायची, "इरून जाईन ना ते, पोरी." आणि तांब्या घेताना त्याची बोटं — जाऊ द्या, मला अजून लाज वाटते.

पोळा झाला आणि रेल्वेचा साहेब आला. ठेसन बंद. हात दाखवला तरी गाडी थांबणार नाही, कुंपणावर काही वाळत घालायचं नाही. जानरावनं अजून काही विचारलं नव्हतं, आणि मी कशाला आधी बोलू?

शेवटच्या दिवशी तो पाणी प्याला, पण तांब्या परत देईना.

"उद्यापासून पानी कोन देईन?"

"नळाचं प्या."

"अंजना..." नाव पहिल्यांदाच घेतलं त्यानं. "मले हेच पायजे. जलमभर. माय-बापाले घेऊन येऊ का?"

मी बकऱ्यांकडं बघत म्हटलं, "या. पन तोंड धुऊन या. आमचे बाबा कोळशाले पोरगी देत नाहीत."

आला. इतका घासून आला होता, की मला आधी ओळखूच आला नाही.

वैशाखात लग्न लागलं. पाठवणीला गाव रुळापाशी जमलं. ठेसनाला कुलूप, पाटीही काढलेली. बाबा म्हणाले, "गाडी काही थांबत नाही, बैल जुंपा." तेवढ्यात शिट्टी झाली, आणि गाडी बरोबर आमच्यासमोर येऊन उभी राहिली. गार्ड चिडून धावत आला.

मारोतराव खिडकीतून म्हणाले, "लाल दिसलं, सायेब. थांबाच लागते."

कुंपण तर रिकामं होतं. लुगडं माझ्या अंगावर होतं.