अकराव्या होडीचा दोर

डहाणूच्या संग्रहालयातल्या अकरा जुन्या होड्या नरपडच्या किनाऱ्यावरच्या नव्या दालनात हलवायचं काम २०१७च्या डिसेंबरात अमृतच्या गळ्यात पडलं. दहा होड्या पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

अकरावी वरोरची, काळीशार. ट्रकने ती आवारात उतरवली, आणि क्रेनवाला सकाळपासून एकच तुणतुणं वाजवत होता, "चारोटीला पोचलोय." दुपारी अमृतने कपाळावर हात मारला.

"भावोजी, हातानेच ओढू या."

धाकट्या बहिणीचा, कविताचा नवरा प्रविण केवळ त्याच्या शब्दाखातर तलासरीहून सहा माणसं घेऊन आला होता. होडीखाली ओंडके घातले. सहा जण मागून ढकलणार, पुढचा दोर एकट्या प्रविणच्या हातात. होडी तसूभर हलेना. त्यात दर दहा मिनिटांनी साहेबांचा फोन.

तेवढ्यात कुणीतरी दमदार आरोळी दिली, "हैऽऽय्या!"

"हो!" प्रविणने साथ दिली आणि होडी सरसर आत आली. एकदाची कुणाला तरी अक्कल आली, असं अमृतला वाटलं. बाहेर भरतीचं पाणी चढत होतं. चाळीस वर्षं कोरड्या असलेल्या होडीला ओल्या मासळीचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी होडी समुद्राकडच्या दाराकडे हातभर सरकलेली. तिसऱ्या दिवशी आणखी हातभर. फरशीला उतार ठेवलाय गाढवांनी, म्हणून अमृतने ठेकेदाराला मनसोक्त शिव्या घातल्या. तोच कविताचा फोन आला.

"दादा, ह्यांना काय झालंय बघ ना... बसल्या बसल्या 'हो' म्हणतात आणि रिकामे हात ओढत राहतात. तळवे सोलून निघालेत. काल एक वाजता, आज पावणेदोनला..."

अमृतने भिंतीवरचं भरतीचं वेळापत्रक पाहिलं. वेळा त्याच होत्या.

"ते म्हणतात, आरोळी तू दिलीस."

"मी? मी तर साहेबांशी फोनवर होतो!"

होडी ज्यांनी दिली त्या घरची रखमाबाई वरोरला सुकट निवडत बसली होती. अमृतने सगळं सांगितल्यावर तिचे हात थांबले.

"आमच्या आजेसासऱ्याची होडी ती. तांडेल तोच, सुकाणू धरनारा, होडीचा मुख्य. आधी तो दर्यात पडला. बाकीचे चौघं त्याला हाका मारत र्‍हायले, किनाऱ्यापर्यंत ऐकू यायच्या; ते पन आले नाय. होडी तेवढी आली."

"पण माझ्या भावोजींचं काय?"

"ओढताना आरोळी कोन पन देतो, बाबा. 'बस' म्हनायचा मान तांडेलाचा. तो बोलल्याबिगर दोर सुटत नाय."

"तांडेल तर मेला. मग मी म्हणतो!"

"नको म्हनू..." ती पुटपुटली. आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

सहाव्या दिवशी दुपारी होडीचं टोक उंबऱ्याला टेकलं. भरती पायऱ्यांपर्यंत आलेली. फोनवर कविता रडत होती, "दादा, रक्त थांबत नाहीये रे..."

अमृतचं डोकंच फिरलं. कुणा मेलेल्याचा मान राखायला आपल्या बहिणीचं कुंकू पुसायचं की काय! तो होडीच्या मागच्या टोकाला गेला, फळीवर हात आपटला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "बस!"

लाटांचा आवाजसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"दादा..." फोनमधून कविता म्हणाली, "थांबले रे हात. झोप लागलीये त्यांना."

अमृतचे डोळे भरून आले. तो होडीला पाठ टेकून तिथेच बसला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याचा कुणावरच राग नव्हता.

पाठीमागे होडीतल्या फळ्या करकरल्या. कुणीतरी सरकून जागा करून देत होतं.

"तांडेल," कानाशी हलकेच आवाज आला, "पाणी चढलंय... निघायचं?"

अमृतने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. पण तो आता होडीत बसला होता, आणि त्याचा हात सुकाणूवर होता.