‘ऐका’ बटणातला आवाज

शहराचं फुकट वायफाय जोडलं की आधी वस्तीचं पान उघडायचं. पाणी कधी येणार, दवाखान्यात डॉक्टर कधी बसणार, कुठला अर्ज कुठे द्यायचा, सगळं त्यावर. वाचता न येणाऱ्यांसाठी ‘ऐका’ असं हिरवं बटण होतं आणि त्यातला आवाज तिचा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून ती रोजच्या सूचना बोलून चढवायची. उताराखालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या तिला ‘फोनमधली बाई’ म्हणायच्या. तिची ताईही तिथेच राहायची. “घरात माझं कुणी ऐकत नाही,” ताई कुरकुरायची, “आणि तुझं अख्खी वस्ती ऐकते!”

त्या दिवशी भरदुपारी ती दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून पडली होती. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस. बाहेर येऊन बघते तर ताईच्या नवऱ्याचे फोनवर फोन.

“उतारावरची दगडी भिंत वस्तीवर कोसळली,” भावोजी म्हणाले.

ती फोन कानाला धरूनच रिक्षाकडे धावली.

“अगं, ऐक तर! सगळे बाहेर होते. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. तू वेळेवर सांगितलंस म्हणून!”

“मी?” बधिर तोंडातून तेवढंच निघालं.

वस्तीतल्या लोकांना वाचनालयाच्या सभागृहात आणलं होतं. दारातच ताई धावत आली, गळ्यात पडली आणि दोघी हसता हसता रडल्या. तिचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

एका म्हातारीने तिचा हात धरला. “बाई, घसा किती बसला होता तुमचा! पण काय दटावलंत! ‘शेगडीवरचं शेगडीवर राहू द्या, भिंत येतेय, आधी बाहेर पडा!’ आम्ही ऐकलं आणि जे पळालो, ते मागे वळून पाहिलंच नाही.”

तिने वायफाय सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला बाजूला घेतलं. त्याने लॅपटॉपवर दोनदा तपासलं.

“भिंत पडायच्या आधी, तुमच्याच खोलीतून चढलंय. तुमच्याच माइकवरून.”

“खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.”

त्याने लॅपटॉप मिटला. “जाऊ द्या ना, मॅडम. माणसं वाचली.”

खरंच होतं ते. सभागृहात चहाचे पेले फिरत होते. भावोजी ‘घर गेलं, पण घरवाली आहे’ म्हणून सगळ्यांना हसवत होते. तीही हसली. मग कोपऱ्यात ताईशेजारी बसली, कानात इयरफोन घातले आणि ‘ऐका’ दाबलं.

आवाज तिचाच होता. खूप वेळ रडल्यावर बसतो तसा बसलेला. शेगडी, भिंत, बाहेर पडा. म्हातारीने सांगितलं होतं, अगदी तस्सं.

सूचना संपली, पण ध्वनिमुद्रण संपलं नाही. पुढचं कुणी ऐकलंच नव्हतं.

आधी नुसता वारा.

मग फावड्यांचा आवाज. दगड ओढल्याचा.

मग लांबून भावोजी, जिवाच्या आकांताने ओरडत होते.

“इथे खणा, इथे! तिची चप्पल दिसतेय!”

तिने हळूच मान वळवली. ताई भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. पळायच्या घाईत ती अनवाणीच निघाली होती.